चाळीस किलोचं पोतं

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी बॅटरीच्या कंपनीची. दरवर्षी येते आणि दरवर्षी गॅरेजात तिच्यावर चहाचे पेले ठेवले जातात. यंदा मी ती घरी आणली आणि पहिल्या पानावर नाव घातलं : महिपती. कारण काल मी एक मूर्खपणा केला, आणि तोही दीडशे माणसांच्या पंगतीत. असली गोष्ट लेखी असलेली बरी.

काल जांभूळओढ्याला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, बारसं होतं. जेवणं चालू असताना दत्तोबानं उभं राहून सांगितलं की भैरोबाच्या देवळापुढं नवी फरशी बसणार. दत्तोबा म्हणजे आमच्या हिचा चुलतभाऊ आणि यात्रा कमिटीचा अध्यक्ष. फरशी फुटू नये म्हणून जावईधोंडा या यात्रेनंतर कोपऱ्यात सिमेंटमध्ये बसवणार, असंही तो म्हणाला. म्हणजे यंदा उचलायचं शेवटचं वर्ष.

जावईधोंडा म्हणजे देवळापुढचा गोल काळा दगड. म्हातारे सांगतात, पावणेदोन मणाला थोडा कमी. गावच्या नव्या जावयानं लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत तो खांद्यावर घ्यायचा, अशी रीत. एकोणतीस वर्षांपूर्वी मी तो गुडघ्यापर्यंत आणला आणि सोडला. तेव्हापासून त्या गावात मला कुणी महिपतराव म्हणत नाही. मी गुडघेदाजी. चार वर्षांचं पोरगं पण म्हणतं, 'गुडघेदाजी आले, खुर्ची द्या.'

मी इंदापुरात हात हलवत आलो. गाड्या धुतल्या, इंजिनं उघडली, आता हायवेला स्वतःचं गॅरेज आहे. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आत काय बिघडलंय ते सांगतो. सोलापूरपर्यंतचे ड्रायव्हर मला 'कान' म्हणतात. आणि जांभूळओढ्यात मी गुडघा!

तर पंगतीतच उठून म्हणालो, "दत्तोबा, यंदा माझं नाव लिहा."

मग असा हशा उठला की एकाच्या नाकात मठ्ठा गेला.

"दाजी, चौपन्न वर्षांचं वय तुमचं. खाली वाकलात तर वर कोण आणायचं?" दत्तोबा म्हणाला.

कौसल्या, म्हणजे आमची ही, जिलबी वाढत होती. ती हसली नाही. ताट खाली ठेवून म्हणाली, "लिही दादा. पेन्सिलीनं नगं, पेनानं लिही."

यात्रा २१ एप्रिलला. आजपासून एकशेपाच दिवस. त्या गावाच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय, गुडघा वगळून. बास.

८ जानेवारी, बुधवार

बारामतीला गेलो. माझा भाचा ऋतिक तिथं जिम चालवतो. आत आरसेच आरसे, त्यामुळे माझं पोट एकाच वेळी सात ठिकाणी दिसलं.

त्यानं मला उठाबशा काढायला लावल्या. तिसऱ्या बैठकीला गुडघ्यातून आवाज आला. मी म्हणालो, "बेअरिंग कोरडं पडलंय."

"मामा, ते बेअरिंग न्हाय, गुडघा हाय. बदलून मिळत न्हाय." मग गंभीर होऊन म्हणाला, "हितली मशीन तुमच्या कामाची न्हाय. घरी एक पोतं भरा. वाळूचं. चाळीस किलो. रोज पहाटे जमिनीवरनं खांद्यावर, दहा वेळा."

"दगड तर पासष्टच्या आसपास आहे."

"ज्या दिवशी चाळीस हलकं वाटंल त्या दिवशी वाढवायचं. त्याआधी एक मूठ पण न्हाय. आणि फोकस पायजे. मन एका जागी. तुमचं मन कुठं असतं मामा?"

मी त्या वेळी बाहेर थांबलेल्या टेम्पोचा फॅनबेल्ट ऐकत होतो.

९ जानेवारी

घरामागं न्हाणीघराच्या बांधकामातली वाळू उरलीय. तीच पोत्यात भरली, गॅरेजातल्या भंगाराच्या काट्यावर घातली. चाळीस म्हणजे चाळीस, काटा हलला नाही. तोंड सुतळीनं बांधलं आणि तांबड्या ऑइलपेंटनं मोठा आकडा घातला : ४०. काम कसं नक्की पाहिजे.

कौसल्या बघत होती. "एवढंच व्हय?" म्हणाली.

बायकांना वजनाचा अंदाज नसतो.

१० जानेवारी

पहाटे साडेपाच. पोतं तीनदा खांद्यावर गेलं. चौथ्यांदा पोतं खाली राहिलं आणि मीच त्याच्यावर पडलो. शेजारच्या छबूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "दाजी, पोत्याला गुदगुल्या करताय का?"

दिवसभर गाडीची चावी भोकात जाईना, असं अंग मोडलं होतं. पण आतून काहीतरी लई झकास वाटतंय. संध्याकाळी गॅरेजात उगीच शिट्टी वाजवत होतो.

१५ जानेवारी

कौसल्याला ऋतिकनं सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. तिनेच विचारलं. पाय किती अंतरावर, पाठ कशी, श्वास घ्यायचा कधी आणि सोडायचा कधी. मी चुलीपुढं उशी घेऊन सगळं करून दाखवलं. मग तिनं पण उशी उचलून दाखवली आणि "असं का?" विचारलं. नवऱ्याच्या कामात इतका रस घेणारी बायको नशिबानं मिळते.

विचारलं, "तू कधी उचलून बघितला का गं तो धोंडा?"

"आमी पोरी त्याच्यावर बसून चिंचा खायचो. उचलायचा नसतो म्हणं पोरींनी. शिवला तरी आबा ओरडायचे." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. परात अशी वाजत होती की वाटलं, तिसऱ्या गल्लीतल्यांनी जेवायला यावं.

१७ जानेवारी

मोठी अडचण आहे. अडचण माझ्या कानांची.

पहाटे पोतं मांडीपर्यंत आलेलं असतं, आणि हायवेला एखादा ट्रक जातो. त्याचं डिझेलचं नोझल थेंब टाकतंय हे मला ऐकू येतं. मग लक्ष तिकडं. आज तर पोतं टाकलं, लुंगीवरच रस्त्यावर धावलो, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवून सांगितलं, "टॅपेट सेट करून घे, नाहीतर टेंभुर्णीला बंद पडून बसशील." तो म्हणाला, "काका, आधी शर्ट घाला."

ऋतिकला फोन केला. तो म्हणाला, "कापूस घाला मामा कानात."

१८ जानेवारी

कापसाचे दोन बोळे, तेलात भिजवून. झोपतानाच घालतो, पहाटेचं उचलून झालं की काढतो. काय शांतता! एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला हायवे ऐकू आला नाही. पोतं आणि मी. सहा वेळा गेलं खांद्यावर!

असंच चाललं तर आठवड्यात चाळीस हलकं वाटणार, मग पंचेचाळीस, मग पन्नास. मार्चमध्ये मी दगडाच्या पुढं निघून गेलेला असेन. कौसल्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "व्हय व्हय, वाटंल हलकं. मला बी तसंच वाटतंय." माझ्यावर तिचा केवढा विश्वास!

२ फेब्रुवारी

हलकं वाटत नाही.

रोज वाकतो, रोज पोतं पहिल्या दिवसाइतकंच जड. सहा वेळा. कालही सहा. परवा पाच. पट्ट्याचं एक भोक आत गेलंय, जिना चढताना धाप लागत नाही, गॅरेजात गिअरबॉक्स एकट्यानं बाकावर ठेवला. पण पोतं म्हणजे पोतं. जणू ते पण माझ्याबरोबर व्यायाम करतंय.

ऋतिकला कळवलं. म्हणाला, "मामा, झोप नीट हाय ना?"

झोप कापसाची. तोफ उडाली तरी उठणार नाही.

११ फेब्रुवारी

घरामागची वाळू चोरीला जातेय! ढिगाला एका बाजूनं खळगा पडलाय, आणि तो रोज मोठा होतोय. संशय छबूबाईंवर, त्यांनी परवाच कुंड्या आणल्यात. उघड बोलता येत नाही. म्हणून संध्याकाळी ढिगाभोवती चुन्याची रेघ मारून ठेवली. मी काही कमी नाही.

१२ फेब्रुवारी

रेघ एका जागी पुसलेली, आमच्या मागच्या दाराच्या बाजूनं. म्हणजे चोर हुशार आहे, आमच्याच दारातून आल्यासारखं दाखवतो. कौसल्याच्या चपलेला चुना लागलेला दिसला. बिचारी पहाटे तुळशीला पाणी घालायला गेली असणार, तिच्या पायानं पुरावा गेला. तुळशीजवळ तिचं फुलपात्र पालथं होतं, आतून वाळूनं घासून चकाचक. घरात भांड्यांची पावडर आहे, तरी ही अजून वाळूच वापरते. जुनी सवय.

छबूबाईंकडं मी दिवसभर रोखून बघितलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दाजी, डोळ्यात काय गेलंय का?"

२४ फेब्रुवारी

गॅसची टाकी आली. मी आत निरोप द्यायला गेलो तोवर कौसल्यानं टाकी उचलून ओट्याखाली सरकवली होती. भरलेली. "अगं, मला हाक मारायची," म्हणालो. "तुमी पोत्यासाठी ताकद राखून ठेवा," म्हणाली.

तिचे ब्लाऊज दंडात घट्ट व्हायला लागलेत, शिलाई उसवून घेतली. सूज असेल. डॉक्टरांना दाखव म्हणालो, तर हसायला लागली. अलीकडे कशालाही हसते. काम करताना गुणगुणते पण. मटकीला मोड आणून वाटीभर खाते, म्हणते तुमच्याबरोबर मला बी भूक लागते.

आज सात वेळा. सातवा अर्धा.

५ मार्च

पोतं घट्ट झालंय. आधी मधोमध ढिलं पडायचं, बोटं रुतायची. आता फुगून टुमटुमीत. यावर मी खूप विचार केला. वाळू हवेतला ओलावा धरते. कॅनॉलला पाणी सुटलंय, त्यामुळे हवेत दमटपणा. हे कौसल्याला समजावून सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. खोकला झाला असावा.

काट्यावर घालून बघावं, असं एकदा मनात आलं. पण आकडा मीच घातलाय, माझ्या हातानं, तोही ऑइलपेंटनं. स्वतःच्या कामावर संशय घेणारा मिस्त्री मिस्त्री नव्हे.

८ मार्च

ऋतिक घाबरला. "मामा, दोन महिने झाले. चाळीसला अजून दम लागतोय? तपासून घ्या." बारामतीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी सगळं तपासलं. साखर खाली, वजन सात किलोनं कमी, ठोके घड्याळासारखे. म्हणाले, "तुम्हाला काय त्रास आहे?"

"पोतं जड लागतं."

डॉक्टरांनी ऋतिककडं बघितलं. ऋतिकनं छताकडं बघितलं.

२७ मार्च

खरं लिहितो. आज धीर सुटला.

आठ वेळा उचललं आणि पोत्यावरच बसून राहिलो. चाळीस किलो मला अजून हलकं होत नाही, आणि पंचवीस दिवसांनी पासष्टचा दगड. परत गुडघ्यावर सोडणार. परत हशा. आणि या वेळी दगड सिमेंटमध्ये जाणार, म्हणजे तो हशा पण कायमचा पक्का बसणार. मी नसलो तरी पोरं तिथं उभी राहून सांगतील, हाच तो, गुडघेदाजींचा.

दत्तोबाला फोन लावला, नाव काढा म्हणायला. रिंग वाजत होती तेवढ्यात कौसल्यानं फोन हातातून घेतला आणि बंद केला.

"काय सांगणार व्हता?"

"नाही जमणार गं."

"एकोणतीस वर्सं माहेरी गेले की बायका ईचारतात, कसा हाय गं तुझा गुडघा? मी काय उत्तर देत असंन?"

मी पोत्यावरचा तांबडा आकडा नखानं खरवडत बसलो.

"तुमाला एकट्यालाच नाव ठेवलंय असं वाटतं व्हय? नाव काढायचं न्हाय. उद्या पहाटं उठायचं."

इतक्या जरबेनं ती कधी बोलली नव्हती. मी बोळे घातले आणि झोपलो.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

दहा! पूर्ण दहा, एकामागं एक! अंगणात नाचलो. छबूबाईंनी भिंतीवरून आरतीचं ताट दाखवलं, म्हणाल्या, "मारुती इकडं हाय व्हय!" त्यांच्यावरचा वाळूचा संशय मी जाहीरपणे मागं घेतला. कशाचा संशय ते त्यांना कळलं नाही, पण त्या खूश झाल्या.

पोतं मात्र तेवढंच जड. दहा वेळा जड.

२० एप्रिल

उद्या. ऋतिकचा फोन : "मामा, फक्त दगड बघायचा. माणसं न्हाय, आवाज न्हाय." कापूस खिशात ठेवलाय. कौसल्यानं लुगड्यांच्या ढिगातून नऊवारी काढून उशाशी ठेवलीय. "यात्रेला नऊवारी?" विचारलं. "चालाय बरं पडतं," म्हणाली.

२२ एप्रिल, मंगळवार

काल लिहायला हात नव्हते. आता सगळं क्रमानं लिहितो.

देवळापुढं ही एवढी गर्दी. नवे जावई सहा, सगळे विशी-पंचविशीतले, दंडाला गुलाल लावून. सातवा मी. दत्तोबानं माईकवरून पुकारलं, "आणि आता आपले लाडके गुडघेदाजी!" बोळे घालताना ऐकू आलेला हा शेवटचा शब्द.

मग शांतता. दगड आणि मी. पाय रोवले, पाठ सरळ, श्वास भरला. जडपणा येणार म्हणून सगळं अंग आवळलं आणि उचललं.

तो वर आला! म्हणजे असा आला, जसं रिकामं घमेलं भरलेलं समजून उचलावं. गुडघा कधी गेला कळलंच नाही. मी दोन पावलं मागं धडपडलो, आणि दगड खांद्यावर येऊन बसला, पारवा बसावा तसा. समोर माणसं उड्या मारत होती, तोंडं उघडी, टोप्या हवेत. आवाज शून्य.

आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? आनंद? छे. मला चाळीस किलो जड लागतं, हे मी शंभर दिवस रोज पहाटे अनुभवलंय. आणि हा हलका. म्हणजे हा पासष्टचा नव्हे. तीस-पस्तीसचा असेल. कुणीतरी दया येऊन दगड बदलला! मला, चौपन्न वर्षांच्या माणसाला, लुटुपुटीचा दगड दिला!

दगड खाली टाकला, बोळे उपटले. जयजयकार कानावर आदळला, त्यावर मी ओरडलो, "हा धोंडा खोटा आहे!"

जयजयकार बंद पडला, चावी काढल्यासारखा.

"काय म्हणालात?" दत्तोबा माईकसकट खाली उतरला.

"बदललाय. हा तो दगड नाही. मला कळतं."

"आवो, माझ्या आज्यानं उचलला ह्योच धोंडा! देवापुढच्या धोंड्याला खोटा म्हणता? गुडघ्यावरनं खांद्यावर आलात, आता डोक्यावर चढताय व्हय?"

"मग वजन करा."

"करू! आत्ता करू!"

खिशातला पान्हा काढून मी दगडावर ठोकला, कान लावला. आवाज भरीव होता. इथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण उभ्या जन्मात पहिल्यांदा मी माझ्या कानावर विश्वास ठेवला नाही.

कांद्याचा काटा पाराजवळ होता, वीस पावलांवर. दगड तिथं कोण नेणार? सहाही जावई म्हणाले, आमचं एकदा झालंय, परत नाही. दत्तोबा म्हणाला, माझी कंबर. कुणी म्हणालं गाडा आणा, कुणी म्हणालं गाड्याचं चाक बसलंय. दत्तोबा माईकमधून माझ्यावर ओरडत होता, मी माईकशिवाय त्याच्यावर.

तेवढ्यात कौसल्यानं नैवेद्याचं ताट शेजारणीच्या हातात दिलं. पदर खोचला. दगडापुढं उभी राहिली, पायात नेमकं अंतर, पाठ सरळ. मला वाटलं, ही पाया पडतेय. तिनं श्वास घेतला, "हं" केलं, आणि जावईधोंडा कमरेशी घेऊन चालायला लागली.

वीस पावलं. गर्दी दोन्ही बाजूंनी फाटत गेली. तिच्या पायातली जोडवी जुन्या फरशीवर वाजत होती, तेवढा एकच आवाज.

आणि मी, हे लिहिताना लाज वाटते, मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "बघा! बघा! बाईनं उचलला! मी काय सांगत होतो? पोकळ आहे!"

तिनं दगड काट्यावर ठेवला. कौसल्या हात झटकत बाजूला झाली. दत्तोबानं आकडा वाचला. परत वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"चौसष्ट किलो तीनशे."

मग बायकांच्या बाजूनं एका म्हातारीचा आवाज आला, "आगं कौसे! आमच्या बुडाखालचा धोंडा उचललास की गं!" आणि मग जो हशा फुटला, तो आजवरच्या सगळ्या हशांचा बाप होता. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. दत्तोबा हसता हसता खाली बसला. शेवटी मी पण हसलो, नक्की कशाला ते न कळता.

कौसल्या माझ्याजवळ आली. "चला आता. निवद गार व्हतोय."

आज सकाळी कुणाला न सांगता पोतं गाडीत टाकून गॅरेजात नेलं. काट्यावर घातलं. अडुसष्ट किलो चारशे. वर तांबड्या रंगात, माझ्याच अक्षरात : ४०.

टायरवर बसलो आणि मग मला फुलपात्र दिसलं. चुन्याची चप्पल दिसली. टुमटुमीत पोतं, गॅसची टाकी, ब्लाऊजची शिलाई, एकेक करून सगळं दिसलं. लोकांच्या इंजिनातलं सगळं ऐकणारा मी!

डोळे भरून आले. पोत्यासकट घरी गेलो, तिचे दोन्ही हात हातात घेतले. तळवे माझ्यापेक्षा खरखरीत. "कौसल्या, माझ्यासाठी रोज पहाटे उठून एकेक फुलपात्र वाळू टाकत होतीस? मला न कळता माझी ताकद वाढावी म्हणून?"

तिनं हात सोडवून घेतले. "तुमच्यासाठी?"

"मग?"

"मी पाचला उठायचे. तुमी साडेपाचला. तुमच्याआधी माझं उचलून व्हायचं. आठ-धा दिसांत मला चाळीस हलकं वाटाय लागलं. ऋतिकनंच सांगितलं न्हवतं का, हलकं वाटलं की वाढवायचं? मी वाढवलं."

"आणि मी?"

"आता तुमच्यासाठी रोज काढायचं आणि माझ्यासाठी परत भरायचं, एवढा येळ कुणाला हाय पहाटंचा?"

२४ एप्रिल

दत्तोबाचा फोन आला. धोंडा सिमेंटमध्ये जाणार नाही. पुढच्या यात्रेसाठी आत्ताच अकरा बायकांनी नावं दिलीत, त्यात एक सासू-सुनेची जोडी आहे आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. फरशीवर जाड रबर टाकायचं ठरलं.

"आणि दाजी," तो म्हणाला, "तुमच्या नावाची पण चर्चा झाली. गुडघेदाजी आजपासनं बंद. तुमी खांद्यावर घेतलाय, ते समद्यांनी बघितलं."

छाती फुगली. "मग आता काय म्हणणार?"

"कौसल्याचे मालक."

थोडा वेळ मी ते नाव कानात फिरवून बघितलं, नव्या इंजिनाचा आवाज ऐकावा तसं. कुठं खडखड नाही. चालेल म्हणालो.

२५ एप्रिल

काल बोळे घातले नाहीत.

पहाटे पाचला मागच्या दाराची कडी वाजली. चपला. मग तुळशीजवळून फुलपात्र उचलल्याचा आवाज, आणि वाळूत ते शिरल्याची खसखस. सुतळी सुटली, बांधली गेली. हायवेला एक ट्रक गेला, त्याचं काहीतरी घासत होतं. काय घासत होतं ते मी ऐकलं नाही.

"हं." पोतं जमिनीवरून सुटलं. खाली आलं. "एक," ती हळूच म्हणाली.

अंथरुणात पडून मी मोजत होतो. सात. आठ. दम लागलेला, पण चाल ठरलेली, एकही ठोका चुकत नव्हता. दहा. वाटलं, थांबेल आता.

"अकरा."

मग दोन घोट पाण्याचे. आणि मग परत खसखस! दुसरं फुलपात्र!

मी पांघरूण फेकून उठलो. माझी पाळी होती, आणि जितका उशीर करावा तितकं पोतं जड होत चाललं होतं.